हे खरे कशावरून?
(तीन चित्रपटांच्या आधारे एका जुन्या प्रश्नाचा विचार)

दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. भारतातील पहिला पूर्ण लांबीचा कथापट म्हणून तो ओळखला जातो. सत्यासाठी राज्य, पत्नी आणि पुत्र यांच्यावर पाणी सोडणाऱ्या राजाची ही कथा. आपल्या देशातील चित्रपटांच्या इतिहासाचा आरंभ सत्याच्या महतीने व्हावा, हा योग मोठा सुंदर आहे. परंतु थोडे बारकाईने पाहिले म्हणजे एक गंमत ध्यानात येते. पडद्यावर जी तारामती दिसते, ती भूमिका अण्णा साळुंके या पुरुष नटाने केली होती. इतकेच नव्हे, तर पडद्यावर जे राजाराणी चालताना दिसतात, ते वस्तुतः चालतच नसतात. स्थिर चित्रे एकामागून एक वेगाने डोळ्यांपुढून सरकत असतात. बोलपटांच्या काळापासून हे प्रमाण सेकंदाला २४ चित्रे असे रूढ झाले. चित्रे स्थिर, गती मात्र आपल्याला दिसणारी! सत्याची कथा सांगण्यासाठी असा हा भास उपयोगात आणला गेला.

मग जे डोळ्यांना दिसते ते खरे मानावे काय? दुसऱ्याने सांगितलेले खरे मानावे काय? आणि दोन्ही उपाय खुंटले म्हणजे सत्य कसे ओळखावे? हे प्रश्न चित्रपटकलेहून पुष्कळच जुने आहेत.

विद्यार्थिमित्रहो, 'हे खरे कशावरून?' हा प्रश्न लहान मूलही विचारते. मोठेपणी आपण तो विचारण्याचे सोडून देतो, एवढेच. आपल्या प्राचीन विचारवंतांनी मात्र तो सोडला नाही. यथार्थ ज्ञानाच्या साधनाला त्यांनी 'प्रमाण' असे नाव दिले आणि प्रमाणे किती व कोणती, यावर शतकानुशतके वाद केला. चार्वाकांनी प्रत्यक्ष हे एकच प्रमाण मानले. गौतमांच्या न्यायसूत्रांत चार प्रमाणे सांगितली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. इंद्रियांनी जाणले ते प्रत्यक्ष. एका गोष्टीवरून दुसरी ताडली ते अनुमान. ओळखीच्या वस्तूशी असलेल्या साम्यावरून अनोळखी वस्तू ओळखली ते उपमान. आणि विश्वासार्ह माणसाच्या सांगण्यावरून कळले ते शब्द. यांपैकी प्रत्यक्ष, शब्द आणि अनुमान या तिघांची कसोटी पाहणारे तीन चित्रपट आहेत. एक जपानचा, दोन अमेरिकेचे. त्यांच्या आधाराने या जुन्या प्रश्नाचा आपण थोडा अभ्यास करू.

१. प्रत्यक्ष : डोळ्यांनी पाहिलेले

सुमारे २४०० वर्षांपूर्वी ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटो याने 'रिपब्लिक' या ग्रंथाच्या सातव्या भागात एका गुहेचे रूपक सांगितले आहे. गुहेत काही माणसे लहानपणापासून जखडून ठेवलेली आहेत. त्यांना मान वळविता येत नाही. समोरची भिंत तेवढी दिसते. त्यांच्या पाठीमागे जाळ पेटलेला असून, जाळ आणि बंदिवान यांच्यामधून काही लोक निरनिराळ्या आकृती नेत असतात. त्यांच्या सावल्या भिंतीवर पडतात. बंदिवानांनी दुसरे काही पाहिलेलेच नसल्यामुळे त्या सावल्यांनाच ते जग समजतात. अंधार, पाठीमागचा प्रकाश, समोर हलणाऱ्या आकृती आणि त्यांकडे टक लावून बसलेली माणसे: हे वर्णन वाचताना चित्रपटगृहाची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

१९९८ साली प्रदर्शित झालेला, पीटर वीअर यांनी दिग्दर्शित केलेला 'द ट्रूमन शो' हा चित्रपट या गुहेचेच आधुनिक रूप होय. ट्रूमन हा तिशीच्या उंबरठ्यावरील तरुण एका टुमदार समुद्रकाठच्या गावात राहतो. नोकरी, पत्नी, मित्र सारे काही ठीक आहे. परंतु ते गाव म्हणजे एका अवाढव्य घुमटाखाली उभारलेला देखावा आहे. सूर्य, समुद्र आणि पाऊसही कृत्रिम आहेत. पत्नी व मित्र हे पगारी नट आहेत. जन्मापासून त्याचा प्रत्येक क्षण छुप्या कॅमेऱ्यांनी टिपून जगभर दाखविला जात आहे. साऱ्या जगाला हे ठाऊक आहे. ठाऊक नाही ते फक्त ट्रूमनला.

येथे अभ्यासकाने एक प्रश्न अवश्य विचारावा. ज्याचे सारे प्रत्यक्षच खोटे आहे, त्याला खोटेपणा कळावा तरी कसा? चित्रपटाचे उत्तर मार्मिक आहे. एके दिवशी स्वच्छ आकाशातून एक दिवा रस्त्यावर आदळतो. मोटारीतील रेडिओवर त्याच्याच हालचालींचे वर्णन ऐकू येते. रस्त्यावरून तीच माणसे त्याच क्रमाने पुनःपुन्हा जाताना दिसतात. गोष्टी लहान आहेत, परंतु त्या एकमेकींशी जुळत नाहीत, आणि ट्रूमन ती विसंगती नजरेआड करीत नाही. वेदान्तातील दोरी आणि सापाचा दृष्टान्त तुम्हांपैकी पुष्कळांनी ऐकला असेल. अंधुक प्रकाशात दोरीचा साप दिसतो. मग तो भ्रम दूर कसा होतो? दिवा आणून, जवळ जाऊन, पुन्हा पाहिल्याने. प्रत्यक्षातील चूक पुष्कळदा अधिक सावध प्रत्यक्षच दुरुस्त करते. डोळे फसवितात म्हणून डोळे मिटून बसणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

जवळ जाऊन पाहण्याला धैर्य मात्र लागते. वडील समुद्रात बुडाल्याचा बनाव बालपणीच दाखवून ट्रूमनच्या मनात पाण्याची भीती मुद्दाम रुजविलेली असते. तरीही तो एकटा होडी हाकारतो, कृत्रिम वादळातून तग धरतो, आणि अखेर त्याच्या होडीचे टोक रंगविलेल्या आकाशाच्या भिंतीवर आदळते. बाहेर जाण्याचे दार सापडते. आत सुरक्षितता आहे. बाहेर काय आहे हे त्याला ठाऊक नाही. तो बाहेर पडतो.

आणि मग चित्रपट आपल्याकडे वळतो. हा सुटकेचा सोहळा दूरचित्रवाणीवर पाहून आनंदाने ओरडणारे दोन पहारेकरी दुसऱ्याच क्षणी, आता दुसरीकडे काय लागले आहे, याची चौकशी करू लागतात. ट्रूमन गुहेतून सुटला. सारे खोटे आहे हे ठाऊक असूनही पडद्यापुढून न उठणारे प्रेक्षक गुहेतच राहिले.

२. शब्द : दुसऱ्याने सांगितलेले

आपल्या ज्ञानाचा फार मोठा भाग आपण स्वतः पाहिलेला नसतो. इतिहास, भूगोल, दूरदेशीच्या वार्ता, इतकेच काय, आपली स्वतःची जन्मतारीखही आपण इतरांच्या सांगण्यावरूनच जाणतो. म्हणूनच नैयायिकांनी शब्दाला स्वतंत्र प्रमाण मानले. परंतु त्यासाठी सांगणारा 'आप्त' असावा अशी अट घातली. येथे आप्त म्हणजे नातलग नव्हे. ज्याला वस्तुस्थिती ठाऊक आहे आणि जशी आहे तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. ज्ञान आणि प्रामाणिक इच्छा, अशा या दोन अटी आहेत. त्यांतील दुसरी ढळली म्हणजे काय होते, ते अकिरा कुरोसावा यांच्या 'राशोमोन' (१९५०) या जपानी चित्रपटात पाहावे. र्‍युनोसुके अकुतागावा यांच्या दोन कथांवर आधारलेल्या या चित्रपटाला १९५१ साली व्हेनिसच्या महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळाले आणि जपानी चित्रपटांकडे जगाचे लक्ष वेधले गेले.

प्राचीन क्योतो नगरीच्या एका पडक्या वेशीत, मुसळधार पावसात, तीन माणसे आसऱ्याला आली आहेत: एक लाकूडतोड्या, एक भिक्षू आणि एक वाटसरू. पहिले दोघे नुकतेच न्यायासनापुढे साक्ष देऊन आले आहेत. रानात एका सामुराई योद्ध्याचा मृत्यू झाला आहे आणि त्याच्या पत्नीवर अत्याचार झाला आहे. त्या प्रसंगाविषयी तिघांनी जबान्या दिल्या. दरोडेखोर म्हणतो, 'मी शौर्याने द्वंद्वयुद्ध करून त्याला मारले. आमच्या तलवारी २३ वेळा भिडल्या.' पत्नीच्या सांगण्यावरून असे वाटते, की पतीच्या नजरेतील तिरस्कार असह्य होऊन तिच्याच हातातील खंजिराने तो मेला. मृत सामुराईचा आत्मा एका मांत्रिक स्त्रीच्या मुखाने सांगतो, की त्याने मानभंगाच्या दुःखाने आत्महत्या केली.

या जबान्यांतील एक विलक्षण गोष्ट पाहा. सामान्यतः आरोपी 'मी मारले नाही' असे सांगून शिक्षा चुकवू पाहतो. येथे तिघेही मृत्यूचा भार स्वतःकडे ओढून घेतात! मग ते खोटे बोलतात ते कशासाठी? दरोडेखोराला शूर ठरावयाचे आहे, पत्नीला असहाय, सामुराईला मानी. शिक्षेपेक्षाही स्वतःच्या नजरेत लहान होण्याचे भय माणसाला अधिक असते, हे कुरोसावांनी नेमके हेरले आहे. न्यायाधीश मात्र एकदाही दिसत नाही. साक्षीदार थेट कॅमेऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडे पाहून बोलतात. न्यायासनावर प्रेक्षकालाच बसविले आहे.

अखेरीस लाकूडतोड्या कबूल करतो, की त्याने सारा प्रकार झाडाआडून पाहिला होता. त्याच्या वर्णनातील द्वंद्वयुद्धात शौर्य नाही. दोघेही भीतीने थरथरत, धडपडत लढतात. आता सत्य कळले असे वाटते न वाटते तोच वाटसरू विचारतो, की तो मोलाचा खंजीर मग गेला कुठे? लाकूडतोड्या निरुत्तर होतो. तटस्थ वाटणाऱ्या साक्षीदारालाही लपविण्यासारखे काही होतेच.

हा चित्रपट पाहून 'ज्याचे त्याचे सत्य निराळे' असा निष्कर्ष पुष्कळ जण काढतात. हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट येथे आठवणे स्वाभाविक आहे. जैनांच्या अनेकान्तवादाच्या स्पष्टीकरणार्थ ती नेहमी सांगितली जाते. परंतु दोहोंतील फरक ध्यानात घ्यावा. पाय चाचपणारा हत्तीला खांबासारखा म्हणतो, कान चाचपणारा सुपासारखा. दोघेही प्रामाणिक आहेत, आणि त्यांची विधाने एकत्र केली तर हत्तीचे बरेच खरे वर्णन हाती येते. 'राशोमोन'मधील जबान्या अशा जुळविता येत नाहीत. सामुराई तलवारीने मेला असेल किंवा खंजिराने. दुसऱ्याच्या हातून मेला असेल किंवा स्वतःच्या. घडले ते एकाच प्रकारे. सत्य अनेक नाहीत. सत्य एकच असून ते सांगणाऱ्यांच्या अहंकाराने झाकोळले आहे. 'सत्य नाहीच' असे म्हणणे आणि 'सत्य मला कळलेले नाही' असे म्हणणे, यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिले म्हणणारा शोध थांबवितो. दुसरे म्हणणारा शोधाला लागतो.

३. अनुमान : विचाराने ताडलेले

प्रत्यक्ष उपलब्ध नाही, साक्ष भरवशाची नाही, आणि तरीही निर्णय करणे भाग आहे. अशा वेळी अनुमान उरते. डोंगरावर धूर दिसला म्हणजे तेथे अग्नी असला पाहिजे, हे न्यायशास्त्रातील प्रसिद्ध उदाहरण. पण दिसते तो धूरच आहे, धुके नव्हे, हे कशावरून? सदोष हेतूला हेतूसारखा भासणारा म्हणून 'हेत्वाभास' म्हणतात. सिडने लुमेट यांचा 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' (१९५७) हा चित्रपट म्हणजे हेत्वाभासांच्या शोधाचा एक उत्तम पाठच होय. रेजिनाल्ड रोझ यांच्या १९५४ सालच्या दूरचित्रवाणी नाटकावरून तो तयार झाला, आणि त्याच कथेवर बासू चटर्जी यांनी १९८६ साली 'एक रुका हुआ फैसला' हा हिंदी चित्रपट केला.

अठरा वर्षांच्या एका गरीब मुलावर पित्याच्या खुनाचा आरोप आहे. ज्यूरीतील बारा नागरिक उकाड्याच्या दिवशी एका खोलीत बसले आहेत. निर्णय एकमताने झाला पाहिजे. दोषी ठरला तर मुलाला देहदंड निश्चित. पहिल्या मतदानात अकरा जण 'दोषी' म्हणतात. आठव्या क्रमांकाचा पंच (ही भूमिका हेन्री फोंडा यांनी केली आहे) तेवढा 'निर्दोष' म्हणतो. मुलगा निरपराध आहे अशी त्याची खात्री नाही. एका माणसाचा जीव पाच मिनिटांत निकालात काढू नये, निदान थोडे बोलावे, एवढेच त्याचे म्हणणे आहे.

मग एकेक 'धूर' तपासला जातो. सुरा दुर्मीळ आहे, म्हणून तो मुलाचाच, असे सांगितले गेले होते. आठवा पंच खिशातून अगदी तसाच सुरा काढून टेबलावर रोवतो. खालच्या मजल्यावरील लंगडणारा वृद्ध म्हणाला होता, की धपकन आवाज ऐकून पंधरा सेकंदांत मी दाराशी पोहोचलो. खोलीत पावले मोजून पाहिल्यावर दुपटीहून अधिक वेळ लागतो. समोरच्या घरातील स्त्रीने जाणाऱ्या आगगाडीच्या खिडक्यांतून खून पाहिला म्हणे. तिच्या नाकावर चष्म्याचे वण होते, आणि रात्री अंथरुणावर पडलेले असता कोणी चष्मा घालीत नाही. खुनाच्या वेळी मी चित्रपट पाहत होतो, असे मुलगा सांगतो, पण चित्रपटांची नावे त्याला आठवली नव्हती. म्हणून तो खोटारडा ठरला होता. त्याला खोटारडा म्हणणाऱ्या एका शांत, बुद्धिमान पंचाला स्वतः काही दिवसांपूर्वी पाहिलेल्या चित्रपटाचे नाव विचारतात, तेव्हा तोही चुकतो!

गौतमांनी चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य जाणण्यासाठी होणारी चर्चा तो 'वाद'. कसेही करून जिंकण्यासाठी होणारी तो 'जल्प'. आणि स्वतःचे काहीच न मांडता दुसऱ्याचे खोडून काढण्यासाठी होणारी ती 'वितंडा'. त्या खोलीत तिन्ही प्रकार आढळतात. एकाला खेळाचा सामना गाठावयाचा आहे, एकाच्या मनात झोपडपट्टीतील लोकांविषयी द्वेष आहे, आणि एकाला स्वतःच्या दुरावलेल्या मुलावरचा राग या परक्या मुलावर काढावयाचा आहे. पुराव्याचे नाव पुढे करून माणसे पुष्कळदा आपल्या मनातीलच बोलत असतात.

एकमताच्या नियमाचे मोल आपल्या इतिहासातील एका उदाहरणावरूनही कळेल. १९०८ साली मुंबईच्या उच्च न्यायालयात लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. ज्यूरीतील नऊ जणांपैकी सात युरोपीय पंचांनी 'दोषी' असा कौल दिला, दोन पारशी पंचांनी 'निर्दोष' असा. बहुमत पुरेसे होते. लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. त्या दोघांची शंका ऐकून घेण्याचे बंधन उरलेल्या सातांवर असते तर? बहुमत आणि सत्य या दोन निराळ्या गोष्टी आहेत, एवढे तरी यावरून दिसते.

चित्रपटाच्या शेवटी मुलगा सुटतो. पण खून त्याने केला होता की नाही, हे आपल्याला अखेरपर्यंत कळत नाही. पंचांनाही कळत नाही. त्यांना इतकेच कळलेले असते, की आपल्याला खात्री नाही, आणि खात्री नसताना प्राण घेण्याचा अधिकार आपल्याला नाही.

४. शंका आणि निर्णय

येथपर्यंत आल्यावर कोणी म्हणेल, की प्रत्यक्ष फसवे, साक्ष फसवी, अनुमानही फसवे. मग ज्ञानाची आशाच सोडावी हे बरे. परंतु तिन्ही चित्रपटांचा शेवट ध्यानात घ्या. ट्रूमनला बाहेरचे जग ठाऊक नसते, तरी तो दाराबाहेर पाऊल टाकतो. बारा पंचांना सत्य कळलेले नसते, तरी ते न्याय्य निर्णय देतात. आणि 'राशोमोन'च्या अखेरीस त्या पडक्या वेशीत एका टाकून दिलेल्या तान्ह्या मुलाचे रडणे ऐकू येते. वाटसरू त्या मुलाच्या अंगावरची वस्त्रे लुबाडून निघून जातो. लाकूडतोड्याला घरी सहा मुले आहेत. तो सातवे म्हणून ते मूल उचलून घेतो. माणसावरचा विश्वास गमावून बसलेल्या भिक्षूला तो परत मिळतो, आणि पाऊस थांबतो. रानात काय घडले याचा उलगडा झालेला नाही. पण समोरच्या मुलाला आसरा हवा, हे कळण्यासाठी त्या उलगड्याची गरज नव्हती.

पूर्ण ज्ञान नसणे ही मनुष्याची नेहमीचीच स्थिती आहे. त्यामुळे कर्तव्य टळत नाही. फक्त ते अधिक जपून करावे लागते. न्यायसूत्रांतील सोळा पदार्थांच्या यादीत 'संशय' तिसरा आहे आणि 'निर्णय' नववा. शंका हा शोधाचा आरंभ मानला गेला आणि त्या शोधाची परिणती निर्णयात व्हावी अशी योजना केली गेली. शंकाच न घेणारा उतावळा ठरतो. शंकेतच रमणारा निष्क्रिय.

हा विचार केवळ ग्रंथांपुरता नाही. वर्गात एखाद्याचे पेन हरवते, आणि मधल्या सुट्टीत वर्गात एकटा थांबलेल्या मुलाकडे बोटे वळतात. कोणी म्हणतो, 'मी त्याला बाकापाशी पाहिले'. कोणी म्हणतो, 'तो आहेच तसा.' पाच मिनिटांत निकाल लागतो आणि त्या मुलाच्या मनावर वर्षभर पुरेल असा घाव बसतो. आज हातातील लहानशा यंत्रावर क्षणोक्षणी बातम्या आणि चित्रे येत असतात. जे कधी घडलेच नाही, त्याचेही हुबेहूब चलच्चित्र आता संगणकाच्या साहाय्याने तयार करता येते. पाहिलेले, ऐकलेले आणि ताडलेले तपासून घेण्याची सवय आजच्याइतकी आवश्यक क्वचितच झाली असेल. अकरा जण एका बाजूला असताना 'थोडे थांबा, आधी बोलू या' असे म्हणणारा एक तरी मुलगा किंवा मुलगी प्रत्येक वर्गात असावी. तो मान तुम्ही मिळवावा.

अभ्यासासाठी काही प्रश्न

(१) 'सत्य नाहीच' आणि 'सत्य मला कळलेले नाही' या दोन विधानांतील फरक स्वतःच्या उदाहरणाने स्पष्ट करा.

(२) तुम्हांला ठाऊक असलेल्या पाच गोष्टी लिहा व प्रत्येक गोष्ट कोणत्या प्रमाणाने कळली, ते सांगा.

(३) आप्ताच्या दोन अटींपैकी कोणती पाळली जाणे अधिक कठीण, असे तुम्हांला वाटते? का?

(४) घरातील वडील माणसांबरोबर एखादा चित्रपट पाहा. तो संपल्यावर प्रत्येकाने त्यातील एकाच प्रसंगाचे वर्णन करावे, आणि वर्णने कोठे जुळत नाहीत ते पाहावे.